मास्कांच्या दुष्काळात सुतारकाम

सुतारकामाचा नाद असलेल्या माणसाच्या घरी शेजारीपाजारी सहसा दोनच गोष्टी मागायला येतात. एक हातोडी आणि दुसरी शिडी. हातोडी परत येते. शिडीच्या बाबतीत खात्री देता येत नाही. पण २०२० सालच्या मार्चअखेर, टाळेबंदी लागून जेमतेम चार-पाच दिवस झाले असतील, आमच्या दारावर टकटक झाली आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या सिस्टर चार हात लांब उभ्या राहून म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे ते लाकडाच्या कामाचे मास्क आहेत ना? किती आहेत?"

होते खरे. आदल्या दिवाळीत वीस मास्कांचा डबा मी मोठ्या थाटात आणला होता. त्याचे असे झाले होते की, सागवानाची एक पेटी यंत्राने घासून काढल्यावर मी आठ दिवस सारखा शिंकत होतो आणि "घरात एक तर ती पेटी तरी राहील, नाही तर मी तरी" असा निर्वाणीचा खलिता सौभाग्यवतींनी धाडला होता. त्या वीसपैकी सहा वापरून झाले होते, चौदा उरले होते. शिवाय वेगळ्या पिशवीत पुढे प्लास्टिकची झडप बसवलेले चार मास्क होते.

सिस्टर एका इस्पितळात कामाला. तिथे एकच मास्क चार-चार दिवस पुरवा असे सांगण्यात आले होते. आता खोटे कशाला बोला, डबा आणायला आत जाताना दोन-तीन आपल्याला ठेवून घ्यावेत असे माझ्या मनात आलेच. पण माणूस इस्पितळात चालला आहे आणि आपण पाटाची फळी घासण्यासाठी मास्क दडवतो आहोत, हे चित्र काही बरे दिसेना. चौदाच्या चौदा दिले. झडपेचेही पुढे केले, तर त्या म्हणाल्या, "ते नकोत, काका. तो मास्क आत येणारा श्वास गाळतो, झडपेतून बाहेर जाणारा गाळत नाही. म्हणजे माझा श्वास थेट पेशंटच्या तोंडावर. ते तुमच्या लाकडांनाच ठेवा, लाकडांना काही होत नाही."

हीच गोष्ट केंद्र सरकारच्या आरोग्यसेवेच्या महासंचालकांनी सगळ्या राज्यांना पत्राने कळवली ती २०२० च्या जुलैत. सिस्टरबाईंनी ती आमच्या उंबऱ्यावर मार्चमध्येच सांगितली होती.

आमच्यासारख्या हौशी सुतारांचे मास्क इस्पितळात जाणे हे त्या दिवसांत जगभर चालले होते. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी १७ मार्च २०२० रोजी बांधकाम कंपन्यांना जाहीर विनंती केली की, तुमच्याकडचे एन-९५ मास्क जवळच्या इस्पितळांना देऊन टाका आणि नवे मागवू नका. आपल्याकडे ३१ जानेवारीलाच असल्या मास्कांच्या निर्यातीवर बंदी आली होती. १३ मार्चला मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत जाऊन बसला, आणि २१ मार्चला साध्या मास्कांचे भाव बांधून दिले गेले. तांदूळ, गूळ, रॉकेल यांच्या पंगतीला नाकावरचे फडके बसेल असे कोणाला वाटले होते? महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबरात एन-९५ चा भाव १९ ते ४९ रुपयांच्या मध्ये बांधला. तोवर आमच्या ओळखीच्या दुकानदाराने फोनवर सांगितलेला आकडा ऐकून मी नुसते "बरं" म्हणून फोन ठेवत असे.

एकंदरीत हिशेब असा, की माझ्याजवळ चार मास्क होते, दुकाने बंद होती, आणि काम करायचे नाही असे ठरवले तर कोणाचे काही अडत नव्हते. मग जून आला आणि अडले.

आमची नात तेव्हा चौथीत. शाळा मोबाइलवर भरू लागली. पोर जमिनीवर मांडी घालून, उशीवर फोन टेकवून, मान मोडेल अशी खाली घालून तीन-तीन तास बसे. आठव्या दिवशी ती मान चोळत आली आणि म्हणाली, "आजोबा, मला टेबल करून द्या ना." आता ज्याच्या घरात तीन रंधे, पाच करवती आणि पटाश्यांची पेटी आहे, त्याने या वाक्यावर काय उत्तर द्यावे?

लाकूड विकत मिळत नव्हते. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारापर्यंत जाण्याची सोय नव्हती. माळ्यावर मात्र आमच्या पडलेल्या वाड्याच्या दरवाजाच्या दोन फळ्या होत्या. अस्सल जुना साग. अलीकडे असे लाकूड पाहायलासुद्धा मिळत नाही. फळ्या खाली उतरवल्या, पुसल्या. वर निळा ऑइलपेंट, त्याच्या खाली हिरवा, त्याच्या खाली आणखी एक तपकिरी. आजोबांच्या आणि वडिलांच्या प्रत्येक दिवाळीचा एकेक थर. घासायचे यंत्र काढले, तारेची पिन खोचली आणि तिथेच हात थांबला.

जुन्या ऑइलपेंटात शिसे असते. नव्वद भाग दर दहा लाखांत, याहून जास्त शिसे घरगुती रंगात नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांना असा सक्तीचा लगाम नव्हता. रंग भिंतीवर किंवा दारावर गुमान बसून आहे तोवर ठीक. तो कोरडा घासला की शिशाची धूळ होते, ती जमिनीवर बसते, आणि जमिनीवर घरातले कोण बसते? ज्या पोरीसाठी टेबल करायचे तीच. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे शरीर शिसे अधिक शोषून घेते आणि त्याचा घाला मेंदूवर होतो. मी चारही मास्क एकावर एक चढवले असते तरी ते माझ्या नाकाचे रक्षण झाले असते, तिच्या हाताचे नव्हे. रंग भाजून काढावा, तर फार तापवल्यावर शिशाचा धूर होतो. औषध लावून काढावा, तर त्याची वाफ धुळीच्या मास्कमधून सरळ आरपार जाते, कारण वाफ अडवायला कोळशाची डबी लागते. अर्धा तास मी त्या फळ्यांकडे पाहत बसलो. मग त्या पुन्हा माळ्यावर चढवल्या. त्या अजून तिथेच आहेत.

टेबलासाठी बळी दिला तो आमच्या जुन्या पलंगाचा. त्याचा साग लाखेच्या पॉलिशचा होता, ऑइलपेंटचा हात त्याला कधी लागला नव्हता. तरी पॉलिश काढायचे, फळ्या एका पातळीत आणायच्या, म्हणजे घासणे आलेच. चार मास्कांत ते कसे बसवावे? मी आमच्या मिस्त्रींना फोन लावला.

हे मिस्त्री म्हणजे माझे या विद्येतले गुरू. पुण्याच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे काम चाले. वय साठीच्या पुढे, बोलणे थोडे, आणि प्रत्येक चौथ्या वाक्यानंतर खोकला. विडी नाही, तंबाखू नाही. खोकला मात्र ओळख झाल्यापासून आहे. मी माझी अडचण सविस्तर सांगितली. मास्क मिळत नाहीत, भाव असे झाले आहेत, काम कसे करावे, वगैरे. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग हसणे आणि त्यात मिसळलेला खोकला.

"साहेब, तुमची टंचाई आत्ता चालू झाली. आमची जल्मापासनं हाय."

मी गप्प.

"आधी मला एक सांगा, एवढं घासायचं कशाला? रंधा नीट लागला तर घासायला मागं उरतंय काय? पातं लावा पाण्याच्या दगडावर. आन् कडंला काच मारा."

गुरुजींनी एका मिनिटात माझी चार वर्षांची यंत्रविद्या मोडीत काढली होती. आणि ते खरेच होते. रंध्यातून लाकडाची लांबच लांब साल निघते, वेटोळे होऊन पायाशी पडते. ती श्वासात जाऊच शकत नाही. घासयंत्र तेच लाकूड पिठासारखे दळते. काच मारणे म्हणजे फुटक्या काचेची ताजी धार लाकडावरून ओढून बारीक साली काढणे. काचेने बोट कापायची भीती वाटल्यामुळे मी जुन्या करवतीच्या पात्याचा आयताकृती तुकडा कापून घेतला, त्याच्या काठाला कानस मारून सरळ केले आणि गुळगुळीत पोलादी दांड्याने दाबून बारीकशी कोर वळवली. ही पट्टी अंगठ्यांनी किंचित वाकवून लाकडावर ओढली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल सुटते. पलंगावरची लाख त्याच पट्टीने निघाली. जिथे सागाचे तंतू आडवेतिडवे होते तिथे पट्टी लागेना, तिथे शेवटी काचकागदच घ्यावा लागला. पण तो जवसाच्या तेलात बुडवून घेतला. तेलात घासले की धूळ उडत नाही, तिचा चिखल होतो आणि तो लाकडाची छिद्रे भरून टाकतो. एक इशारा मात्र द्यायला हवा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात टाकावीत.

असे जवळजवळ सगळे टेबल एकाही मास्कविना झाले. कुसू-खाचेचे सांधे तर पटाशी आणि करवतीचेच काम. उरले ते यंत्राचे दोन-तीन प्रसंग : पायांचे चौकोन यंत्राच्या करवतीने कापणे आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना खोबण पाडणे. चार मास्क मी त्यासाठी राखून ठेवले.

आता मास्क या वस्तूबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण टंचाईच्या काळात मी जे उद्योग केले ते अज्ञानापोटीच होते.

एन-९५ यातला 'एन' म्हणजे तेलकट तुषारांना न टिकणारा, आणि ९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे शंभरातले निदान ९५ कण अडवणारा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. आपल्या समजुतीत मास्क म्हणजे बारीक भोकांची चाळणी. तसे असते तर आपला श्वासच कोंडला असता. त्याच्या धाग्यांमधली अंतरे त्या कणांच्या मानाने ऐसपैस असतात. जड कण वळणावर वळू शकत नाहीत आणि धाग्यावर आदळतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि कुठेतरी चिकटतात. मधल्या आकाराचे तेवढे चतुर, ते दोन्हींतून निसटतात, म्हणूनच परीक्षा ०.३ ची. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे धाग्यांना कायमचा विद्युत्भार दिलेला असतो. केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे ओढते तशी ही जाळी कण ओढून घेते. असा भार देण्याची एक महत्त्वाची रीत तैवानात जन्मलेले आणि अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात काम केलेले पीटर त्साय यांनी काढली, आणि १९९५ साली तिचे पेटंट झाले. ते निवृत्त झाले होते, पण २०२० मध्ये मास्क पुन्हा कसे वापरता येतील हे शोधायला पुन्हा कामाला लागले. बरेच मास्क क्रमाने वापरावेत, म्हणजे पहिल्याची पाळी पुन्हा येईतो त्यावरचा विषाणू मरून जातो, असा त्यांचा एक सल्ला होता.

हा सल्ला वाचून मला आनंद झाला आणि मी चारही मास्कांवर वार घातले. मग लक्षात आले की विषाणू मरतो. सागाचा भुगा मरत नाही.

दुसरा उद्योग याहून शहाणपणाचा. पहिला मास्क भुग्याने पिवळा झाला तेव्हा मी तो साबणाच्या कोमट पाण्यात हळुवार धुऊन दोरीवर वाळत घातला. वाळल्यावर पांढराशुभ्र झाला आणि श्वास तर नव्यापेक्षा मोकळा येऊ लागला. मी सौभाग्यवतींना मोठ्या अभिमानाने दाखवला. वस्तुस्थिती अशी की, साबणाने आणि अल्कोहोलने तो विद्युत्भार उडून जातो. मागे राहते ती नुसती मोकळी जाळी, आणि मोकळ्या जाळीतून श्वास मोकळाच येणार. त्या दिवशी खोबण पाडून झाल्यावर पांढऱ्या रुमालात नाक शिंकरले तेव्हा रुमालावर सागाचा रंग आला. चारातला एक मास्क असा धुण्यात गेला.

मास्क कधी टाकायचा? धुळीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. श्वास ओढायला जोर लागू लागला, पट्टा सैल झाला किंवा काठ वाकडा झाला की टाकावा. तोवर कागदी पिशवीत ठेवावा, प्लास्टिकच्या नाही, म्हणजे घामाचा ओलावा वाळतो. आणि धूळ झटकण्यासाठी तो आपटू नये.

फडक्याचा प्रयोगही केलाच. उपरण्याचे चार पदर नाकावर बांधले, दिवे मालवले, आणि जाड उजेडाची बॅटरी आडवी धरून यंत्र चालवले. हा प्रयोग ज्याच्या घरी सुतारकाम चालते त्याने एकदा करावाच. दिवसा जी हवा स्वच्छ वाटते ती त्या झोतात दुधासारखी दिसते. दहा मिनिटांनी उपरणे सोडले तर नाकाच्या दोन्ही बाजूंना भुग्याच्या दोन रेघा. हवा कापडातून कशाला येईल? कडेची वाट मोकळी असताना ती तिकडूनच आली. समोरच्या माणसाच्या थुंकीचे तुषार अडवायला फडके उपयोगी पडत असेल, बारीक धुळीला ते शोभेपुरते. आणि कडेच्या वाटेचाच विषय निघाला म्हणून सांगतो, त्या महिन्यात न्हाव्यांची दुकाने बंद असल्याने माझी दाढी ऋषींसारखी वाढली होती. मास्कच्या काठाखाली दाढी आली की तो मास्क आणि ते उपरणे यांत फारसा फरक उरत नाही. मिशी काठाच्या आत मावत असेल तर हरकत नाही. मी दाढी काढली. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही आता ओळखू येता."

बॅटरीच्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट शिकवली. यंत्र बंद केल्यावरही ती धूळ खाली यायचे नाव घेईना. पाण्याइतक्या घनतेचा पाच मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या नाकापासून जमिनीवर यायला सुमारे अर्धा तास घेतो, आणि एक मायक्रॉनचा कण जवळजवळ बारा तास. आणि आपण काय करतो? यंत्र बंद झाले की पहिल्यांदा मास्क काढतो, मग कोरडा झाडू घेऊन बसलेली धूळ पुन्हा उठवतो. म्हणजे ज्या वेळी मास्क हवा त्याच वेळी तो खुंटीवर. मी यंत्राचे काम गच्चीवर नेले, पाठीमागून वारा येईल असा उभा राहिलो, वारा नसेल तेव्हा पाठीशी पंखा लावला. काम संपल्यावर मास्कसकट खाली उतरायचे, तासाभराने ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. घरातल्या धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून घासयंत्राच्या मागे जोडली, तर दोघांची अशी गट्टी जमली की बॅटरीच्या झोतात धूळ शोधावी लागली. मात्र त्या ओढयंत्राची गाळणी चांगली हवी. नाही तर पुढून ओढलेली बारीक धूळ ते मागून खोलीत परत देते.

त्या पावसाळ्यात 'एन-९५' असे छापलेले मास्क रस्त्याच्या कडेला झेंडूच्या फुलांसारखे विकायला आले. मी दोन घेतले आणि एक कात्रीने उघडला. तीन पदर, तिन्ही पिशवीच्या कापडाचे, मधला खरा पदर नाहीच. खऱ्या पदराला कागदाचे कपटे चिकटतात, पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा बसतो. अमेरिकी प्रमाणपत्राच्या मास्कला सहसा कानात अडकवायचे नाडे नसतात, डोक्यामागून दोन पट्टे असतात. आपल्याकडच्या मानकाचा क्रमांक आयएस ९४७३ आहे. 'धुता येणारा एन-९५' अशी पाटी वाचली की मला आमची दोरी आठवे.

टेबल जुलैअखेर झाले. चारांपैकी एक धुण्यात गेला, एक वापरून संपला, दोन उरले.

पहिला मास्क कोणी घातला हे सांगणे कठीण. पण दोन हजार वर्षांपूर्वी प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे की, कारखान्यांत हिंगूळ कुटणारे कामगार धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी सैलशी बांधत. म्हणजे ही टंचाई त्या काळापासूनची. आणि १५५६ साली छापलेल्या खाणकामावरच्या आपल्या ग्रंथात अग्रिकोला हा जर्मन पंडित सांगतो की, कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या मुलखात सात-सात नवरे केलेल्या बायका आढळतात, सगळे नवरे त्या धुळीच्या क्षयाने गेलेले. लाकडाची धूळ दगडाइतकी उघड घातकी नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जायला विसावे शतक उजाडले. इंग्लंडात हाय विकम नावाचे खुर्च्या करणारे गाव आहे. तिथल्या फर्निचर कारागिरांना नाकाच्या पोकळीतला एक अतिशय विरळा कर्करोग नेमाने होतो आहे, हे एस्थर हॅडफिल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आले, आणि १९६८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुराव्यानिशी मांडले. १९९५ साली कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत घातली.

हे वाचल्यावर मला फोनवरचा तो खोकला ऐकू येऊ लागला. सप्टेंबरात वाहतूक सुरू झाल्यावर मी उरलेले दोन मास्क घेऊन मिस्त्रींच्या शेडवर गेलो.

शेडमध्ये तीन माणसे काम करत होती. प्लायवूडवर यंत्र चालले होते. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात माझ्या बॅटरीचा प्रयोग फुकटात चालला होता. मिस्त्रींच्या गळ्यात रुमाल होता, नाकावर नव्हता. शेजारच्या गाळ्यात स्वयंपाकाच्या ओट्यांचा ग्रॅनाइट कोरडाच कापला जात होता. कापणारा पोरगा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, नाकाला गमछा. ग्रॅनाइटमध्ये गारेचा भाग मोठा, आणि त्या धुळीने फुप्फुसात जो सिलिकोसिस होतो त्याला औषध नाही. पात्यावर पाण्याची एक बारीक धार सोडली असती तरी चार हिश्शांतली मोठी धूळ तिथेच बसली असती. कृत्रिम दगडाच्या ओट्यांत तर गारेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर असते. ऑस्ट्रेलियाने असे दगड कापणाऱ्यांचे हाल पाहून १ जुलै २०२४ पासून ते तयार करणे, विकणे आणि बसवणे यांवरच बंदी घातली. आणखी चांगले मास्क द्या, असे म्हटले नाही. मला माझा माळ्यावरचा दरवाजा आठवला.

मी मास्क पुढे केले. मिस्त्रींनी एक लावून पाहिला, दोन मिनिटांत काढला.

"चष्मा धुरकटतोय. अन् पोरांना वरडून सांगावं लागतंय, ह्यात आवाज निघत न्हाई. दिवसाला चार दारं द्यायची, साहेब. ठेकेदार नगावर पैसे देतोय, श्वासावर न्हाई."

यावर मी काय बोलणार? मला टेबलाला दीड महिना लागला तरी चालत होते. रंधा मारून साल काढा हा त्यांचाच सल्ला, पण प्लायवूडला रंधा लागत नाही आणि दिवसाला चार दारे रंध्याने होत नाहीत. मला दिलेली विद्या त्यांना स्वतःच्या शेडमध्ये परवडत नव्हती. मी एवढेच केले, की पुढच्या रविवारी माझे जुने ओढयंत्र आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन गेलो आणि त्यांच्या घासयंत्राला जोडून दिले. मास्क त्यांना नको होता, पण हे मात्र त्यांनी चालू करून पाहिले, उन्हाच्या पट्ट्यात हात धरला, तळवा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "ह्ये राहू द्या हितं." संध्याकाळी पिशवी उघडली तेव्हा निघालेला पिठासारखा ढीग त्यांनी मुठीत घेतला आणि बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. बोलले काहीच नाहीत.

२०२१ च्या फेब्रुवारीत आमच्या दारावर पुन्हा टकटक झाली. सिस्टर होत्या. मधल्या काळात त्यांना स्वतःला करोना होऊन गेला होता, चेहरा ओढलेला दिसत होता. हातात नवा कोरा डबा.

"तुमचे चौदा, काका. आणि सहा व्याज."

त्यातले दहा मी शेडवर नेले. मिस्त्रींनी डबा स्वतः घेतला नाही, यंत्रावरच्या पोराकडे दिला. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, हनुवटीवर नवी नवी दाढी राखलेला. "आधी ती काढ," मिस्त्री म्हणाले. पोराने मास्क हातात उलटापालटा करून विचारले, "मळला की धुवायचा न्हवं?"

"धुवायचा न्हाई," मिस्त्री म्हणाले. "साहेबांनी एक धुतलाय."